कमीत कमीचे गणित



विज्ञान व अभियांत्रिकी संशोधनातील न्यूनतमीकरण हे विषयाचे नाव पत्रिकेवर वाचून काही मंडळी आज घरीच थांबली असतील, तर त्यांना मी दोष देणार नाही. ऐन चैत्रात, पन्हे पिऊन गच्चीवर वाऱ्याला बसावयाचे सोडून आपण येथे आलात, हा आपला लोभ आहे. परंतु या भारदस्त शब्दामागे जी गोष्ट आहे ती आपण सगळेच रोज करीत असतो. पगार ठरलेला, खाणारी तोंडे ठरलेली, आणि कोणाच्याही पानात काही कमी पडू न देता महिना काढावयाचा, हे गणित घरची गृहिणी वर्षानुवर्षे सोडवीत आली आहे. लासलगावचा कांदा वाशीच्या घाऊक बाजारात आणणारा व्यापारी कोणता ट्रक कोठे पाठवावा म्हणजे डिझेल कमी जळेल, याचा विचार करतो. "अंथरूण पाहून पाय पसरावे" ही म्हण म्हणजे याच शास्त्राचे पहिले सूत्र होय.

या म्हणीत दोन गोष्टी आहेत, त्या आरंभीच वेगळ्या करून ठेवू. एक म्हणजे उद्दिष्ट: ज्याला कमीत कमी करावयाचे ते, खर्च, वेळ, अंतर किंवा चूक. दुसरी म्हणजे अटी: ज्यांच्या आत राहून ते कमी करावयाचे. अटी नसतील तर शास्त्राची गरजच उरत नाही. खर्च कमीत कमी करावयाचा असेल तर सर्वांनी उपाशी राहावे, की झाले शून्य! हे उत्तर आपल्याला वेडगळ वाटते, कारण "माणसे जगली पाहिजेत" ही अट आपण मनात धरलेली असते. गणिताला मन नसते. अट कागदावर लिहिलेली नसेल, तर त्याच्या दृष्टीने ती नसतेच. या शास्त्राचा इतिहास मी आज सांगणार आहे तो अटींच्या बाजूने, आणि शेवटी आपल्याच शहरापर्यंत येणार आहे.

आरंभ फार जुना आहे. आरशावरून परावर्तित होणारा प्रकाश लहानात लहान मार्ग पत्करतो, हे अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी दाखविले. सतराव्या शतकात फ्रान्समधील फर्मा याने त्यात सुधारणा केली. प्रकाश हवेतून पाण्यात शिरताना वाकतो, तेव्हा त्याने घेतलेला मार्ग अंतराने लहान नसतो; तो वेळेने कमी असतो. पुढे १६९६ मध्ये योहान बर्नुली याने युरोपातील गणितज्ञांना जाहीर कोडे घातले. एक मणी वरच्या बिंदूपासून खालच्या, पण बाजूला असलेल्या बिंदूपर्यंत घरंगळत यावयाचा आहे. कमीत कमी वेळात येण्यासाठी तार कशी वाकवावी? सरळ रेषा सर्वांत लहान, म्हणून तीच सर्वांत जलद, असे आपल्याला वाटते. पण ते खरे नाही. आरंभी तीव्र उतार दिला तर मणी लवकर वेग घेतो, आणि लांबचा रस्ता असूनही आधी पोहोचतो. बैलगाडीच्या चाकाच्या धावेवर एखादा खिळा असावा आणि गाडी चालताना त्याने हवेत जी कमान काढावी, तीच उलटी केली की या कोड्याचे उत्तर मिळते. न्यूटनला हे कोडे जानेवारी १६९७ मध्ये मिळाले आणि त्याने ते एका रात्रीत सोडविले असे सांगतात.

या कोड्यातून ऑयलर आणि लाग्रांज यांनी अठराव्या शतकात एक मोठे शास्त्र उभे केले. लाग्रांजच्या कामातील एक युक्ती आपल्याला शेवटी लागणार आहे, म्हणून तिची ओळख करून घेऊ. अटी पाळून एखादी राशी कमीत कमी करावयाची असेल, तर त्याने प्रत्येक अटीला एकेक गुणक जोडला. हा गुणक केवळ आकडेमोडीची सोय नव्हे. ती अट जराशी सैल केली तर उद्दिष्टात किती बचत होईल, हे तो सांगतो. म्हणजे प्रत्येक अटीची किंमतच तो आपल्या हाती देतो.

एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दिवशी, १ जानेवारी १८०१ ला, पियाझी या इटालियन ज्योतिर्विदाला सेरेस नावाची लहानशी ग्रहिका दिसली. काही आठवडे वेध घेतले, आणि ती सूर्याच्या तेजात हरवली. मोजके वेध, तेही चुका असलेले. त्यांवरून ती पुन्हा कोठे उगवेल हे कसे सांगावे? चोवीस वर्षांच्या गाउसने तिची कक्षा काढून दिली आणि वर्षअखेरीस ती त्या जागेच्या जवळच सापडली. वेधांतील चुका निभावून नेण्याची जी रीत या काळात पुढे आली, ती लघुतम वर्गांची रीत. प्रत्येक वेध आणि आपला अंदाज यांतील फरक घ्यावयाचा, त्याचा वर्ग करावयाचा, आणि सर्व वर्गांची बेरीज कमीत कमी होईल असा अंदाज निवडावयाचा. वर्ग केल्यामुळे अधिक आणि उणे चुका एकमेकींना खाऊन टाकीत नाहीत, आणि मोठी चूक अधिक बोचते; तीनची चूक नऊ होते, दहाची शंभर. ही रीत छापून प्रथम प्रसिद्ध केली लझांद्र याने, १८०५ मध्ये. गाउसने १८०९ च्या आपल्या ग्रंथात ती आपण पूर्वीपासून वापरीत असल्याचे लिहिले आणि दोघांत वाद झाला. आज कारखान्यातील मापांपासून हवामानाच्या अंदाजापर्यंत जेथे जेथे वेध आहेत, तेथे या रीतीचा वावर आहे.

या धाग्यात एक मराठी नाव आहे, आणि ते आपण सहसा वेगळ्याच दालनात ठेवतो. दामोदर धर्मानंद कोसंबी. इतिहासकार म्हणून त्यांना सगळा महाराष्ट्र ओळखतो. पण त्यांचा मूळ व्यवसाय गणिताचा. १९०७ मध्ये गोव्यात जन्मलेले कोसंबी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत असताना, १९४३ मध्ये, भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात त्यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यातील प्रश्न साध्या भाषेत असा मांडता येईल. समजा, एखाद्या बंदरावर रोज भरती-ओहोटीची वक्ररेषा आखली जाते. वर्षाच्या तीनशेपासष्ट रेषा. एकही दुसरीसारखी नाही. या सर्व रेषा थोड्याच मूळ आकारांच्या मिश्रणाने दाखवावयाच्या आहेत. मग ते मूळ आकार कोणते घ्यावेत, म्हणजे उरणारी चूक, वर्गांच्या हिशेबाने, सरासरीत कमीत कमी राहील? कोसंबींनी याचे उत्तर दिले. त्याच दशकात फिनलंडमध्ये कार्‌हुनेन आणि फ्रान्समध्ये लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे हेच विघटन मांडले, आणि जगाच्या पुस्तकांत बहुधा त्या दोघांचीच नावे राहिली. अलीकडे काही लेखक कोसंबींचे नाव त्यांच्या आधी लिहू लागले आहेत. विमानाच्या पंख्यामागील खळबळणाऱ्या हवेचा अभ्यास असो, की चेहऱ्याचे चित्र थोड्या आकड्यांत साठविणे असो, अभियंते आज हे तंत्र नित्य वापरतात. १९४५ मध्ये कोसंबी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. या संस्थेचे नाव पुन्हा एकदा येणार आहे.

आतापर्यंतच्या प्रश्नांत अटी थोड्या होत्या आणि त्या बहुतेक निसर्गाने घातलेल्या होत्या. विसाव्या शतकात माणसांनी घातलेल्या अटी आल्या, आणि त्या शेकड्यांनी, हजारांनी आल्या. १९३९ मध्ये लेनिनग्राडच्या कान्तोरोविच या तरुण गणितज्ञापुढे प्लायवूडच्या उद्योगाने प्रश्न ठेवला: निरनिराळी यंत्रे, निरनिराळी लाकडे, कोणत्या यंत्रावर काय कापावे? त्याने रीत काढली. तिच्यात लाग्रांजच्या गुणकांसारखेच आकडे होते, आणि त्यांना अर्थ होता किमतीचा. या कामासाठी त्याला १९७५ मध्ये कूपमान्स यांच्यासमवेत अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

अमेरिकेत हा प्रश्न स्वयंपाकघरातून आला. स्टिग्लर नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९४५ मध्ये विचारले, की शरीराला लागणारी नऊ पोषकद्रव्ये पुरेशी मिळतील असा वर्षाचा आहार कमीत कमी किती पैशांत बसेल? सत्त्याहत्तर पदार्थांची यादी घेऊन, काहीशा अंदाजानेच, त्याने उत्तर काढले: १९३९ च्या भावाने ३९ डॉलर ९३ सेंट. त्यात कणीक, आटवलेले दूध, कोबी, पालक आणि वाळलेल्या घेवड्याच्या बिया, एवढाच बेत! १९४७ मध्ये अमेरिकन वायुदलाचा गणितज्ञ डँट्झिग याने अशा प्रश्नांसाठी सिम्प्लेक्स नावाची पद्धत शोधली, आणि ती तपासून पाहण्यासाठी हाच आहार घेतला. हाताने चालविण्याच्या गणकयंत्रांवर काम केले गेले, आणि एका माणसाचे १२० दिवस भरतील एवढी मेहनत पडली. उत्तर आले ३९ डॉलर ६९ सेंट. स्टिग्लरचा अंदाज केवळ चोवीस सेंटांनी चुकला होता.

डँट्झिगची दुसरी गोष्ट याहून बोधप्रद आहे. पुढे त्याला स्वतःलाच वजन उतरवावयाचे होते. त्याने संगणकाला सांगितले, की ठरावीक उष्मांकांच्या आत राहून पोट जास्तीत जास्त भरल्यासारखे वाटेल असा आहार दे. पोट भरल्याची खूण म्हणून पदार्थाचे पाणी वजा जाता उरणारे वजन धरले होते. यंत्राने उत्तर दिले: रोज पाचशे गॅलन व्हिनेगर प्या! व्हिनेगरमध्ये पाण्याचा अंश तक्त्यात शून्य लिहिला गेला होता. व्हिनेगर काढून टाकले, तर यंत्राने रोज सूपच्या दोनशे वड्या खावयास सांगितल्या. यंत्राने आकडेमोडीत कोठेही चूक केली नव्हती. "एवढे मीठ माणसाला सोसणार नाही" ही अट कोणी लिहिलीच नव्हती, कारण ती सगळ्यांना ठाऊक होती. ही गोष्ट ऐकून आपण हसलात. पण ती लक्षात ठेवा.

सिम्प्लेक्स पद्धतीचे चित्र असे. सर्व अटी मिळून एक पैलूदार हिरा तयार होतो. प्रत्येक पैलू म्हणजे एक अट. हिऱ्याच्या आत राहाल तोवर सर्व अटी पाळल्या जातात. उत्तर असते हिऱ्याच्या कोणत्या तरी टोकावर. डँट्झिगची पद्धत एका टोकावरून कडेकडेने दुसऱ्या टोकावर जाते, आणि दर वेळी उद्दिष्ट सुधारते. व्यवहारात ती उत्तम चालली. परंतु १९७२ मध्ये क्ली आणि मिन्टी यांनी मुद्दाम असा हिरा घडवून दाखविला, की ही पद्धत त्याच्या प्रत्येक टोकाला भेट देत बसते. पन्नास चल राशी असतील तर अशी टोके भरतात ११२५ लाख कोटींहून अधिक. सेकंदाला दहा लाख टोके तपासली तरी पस्तीस वर्षे पुरत नाहीत. १९७९ मध्ये मॉस्कोच्या खाचियान याने असे कधीच न अडणारी पद्धत सिद्ध केली, पण प्रत्यक्षात ती फार सावकाश चाले.

येथे आपले दुसरे मराठी नाव येते. नरेंद्र करमरकर यांनी १९७८ मध्ये पवईच्या आयआयटीतून विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली. पवई येथून खाडीपलीकडे, हाकेच्या अंतरावर म्हणावी अशी. पुढे बर्कली येथे डॉक्टरेट करून ते न्यू जर्सीतील बेल प्रयोगशाळेत गेले, आणि १९८४ मध्ये त्यांनी आपली पद्धत प्रसिद्ध केली. करमरकर कडेने जात नाहीत. ते हिऱ्याच्या पोटातून जातात. पोटातून जाण्यात अडचण अशी, की आपण एखाद्या पैलूच्या जवळ आलो की पुढे पाऊल टाकावयास जागा उरत नाही. त्यावर त्यांची युक्ती अशी: नकाशा रबरी आहे असे समजा. दर पावलाला तो असा ताणावयाचा, की आपण पुन्हा मध्यभागी यावे. सरळ रेषा मात्र सरळच राहाव्यात. मध्यभागी सगळीकडे मोकळी जागा, म्हणून उताराच्या दिशेने एक लांब पाऊल निर्धास्त टाकता येते. मग नकाशा पूर्ववत् करावयाचा, आणि पुन्हा ताणावयाचा. अशी पावले किती लागतील याला मर्यादा आहे, आणि ती मर्यादा क्ली-मिन्टींच्या आकड्यासारखी भडकत नाही, हे त्यांनी सिद्ध केले.

१९ नोव्हेंबर १९८४ ला ही बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर आली. गणिताची बातमी पहिल्या पानावर, ही गोष्टच विरळा. मग वादही झाले. कंपनीने प्रत्यक्ष आज्ञावली गुप्त ठेवली, तेव्हा वेगाचे दावे तपासावयाचे कसे, असे इतर संशोधक विचारू लागले. १९८६ मध्ये पाच संशोधकांनी दाखविले, की या पद्धतीचे साठच्या दशकातील एका जुन्या तंत्राशी जवळचे नाते आहे. रशियात दिकिन याने १९६७ मध्येच हिऱ्याच्या पोटातून जाणारी एक वाट सुचविली होती, हेही उघड झाले. १९८८ मध्ये पद्धतीला पेटंट मिळाले, आणि आकडेमोडीची रीत ही कोणाची मालमत्ता असू शकते काय, हा प्रश्न उभा राहिला. कंपनीने यंत्रासह विकावयास काढलेल्या संचाची किंमत होती ८९ लाख डॉलर. आज वाद शमले आहेत. सिम्प्लेक्सही सुधारले, आणि पोटातून जाणाऱ्या पद्धतींचे तर एक कूळच तयार झाले. विमानांची वेळापत्रके आणि विजेची वाटणी ठरविताना दोन्ही वापरतात. करमरकर पुढे काही वर्षे मुंबईच्या त्याच टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक होते, जेथे कोसंबींनी काम केले होते.

आता मी आपल्या शहराकडे वळतो. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी 'मार्ग' नियतकालिकातून खाडीपलीकडे नवे शहर वसविण्याची कल्पना मांडली. मुंबई दक्षिणोत्तर लांबट. सकाळी सगळा लोंढा दक्षिणेकडे, संध्याकाळी उत्तरेकडे. कामाची ठिकाणेच पूर्वेला नेली, तर हा ताण कमी होईल. हा विचार संगणकावर मांडलेला नव्हता, परंतु त्याची घडण आपल्या ओळखीचीच आहे: मुंबईवरचा भार हे उद्दिष्ट, आणि जमीन, पाणी, रस्ते, पैसा या अटी. १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली. ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र, पंचाण्णव गावे. खाडीवर पूल झाला, न्हावा-शेवाचे बंदर १९८९ मध्ये सुरू झाले, १९९२ मध्ये रेल्वे वाशीला आली. आपण ज्या रुंद रस्त्यांनी आज येथे आलात, ते या विचाराचे फळ आहे, आणि मी त्याला कमी लेखीत नाही.

परंतु त्या पंचाण्णव गावांत आगरी-कोळी माणसे राहत होती. भाताची शेते होती, मिठागरे होती, खाडीची मासळी होती. हिशेबात जमीन एकरांनी आली आणि तिला दर लागला. शेत गेल्यावर त्या घरातील पुढच्या पिढीने काय करावे, ही अट मात्र आरंभीच्या मांडणीत पुरेशी लिहिली गेली नाही. मोबदल्यासाठी शेतकरी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उठले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरण तालुक्यात, जासई-नवघरच्या परिसरात, पोलिसांच्या गोळीबारात पाच माणसे मरण पावली. पुढे, संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के क्षेत्र विकसित करून मूळ मालकाला परत द्यावयाचे, हे तत्त्व सरकारने मान्य केले.

एकाच वर्षी घडलेल्या या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. न्यू जर्सीत नकाशा ताणणाऱ्या गणितज्ञाला जासई ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तरीही मी त्या शेजारी ठेवतो, त्या एवढ्यासाठी, की हजारो अटी सांभाळून कमीत कमी खर्चाची वाट शोधण्याचे सामर्थ्य माणसाला ज्या वर्षी लाभले, त्याच वर्षी आपल्याकडे एक अट हिशेबात लिहून घेण्यासाठी पाच जीव गेले. डँट्झिगने अट विसरली तेव्हा व्हिनेगर आले, आणि तो हसून ती लिहू शकला. शहराच्या हिशेबात विसरलेली अट इतक्या स्वस्तात दुरुस्त होत नाही.

यावर कोणी म्हणेल, की साडेबारा टक्के जमीन परत द्यावयाची तर प्रकल्प महाग झाला. झालाच. लाग्रांजचा गुणक तेच सांगतो: प्रत्येक अटीला किंमत असते. गणिताचा खरा उपयोग येथे आहे. "ही अट पाळणे परवडणार नाही" असे कोणी ठासून सांगितले, तर ते किती रुपयांनी परवडत नाही, हे आता काढता येते. तो आकडा समोर ठेवून घ्यावा. मात्र ती किंमत मोजावयाची की नाही, याचे उत्तर गुणकात नसते. ते गावाने, नगराने, सभेने द्यावयाचे असते.

आपल्यापैकी अनेकांची मुले अभियंते आहेत, संगणकाच्या क्षेत्रात आहेत. त्यांच्या रोजच्या कामात न्यूनतमीकरण आहे. आज ज्याला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात तीही मुळात चूक कमीत कमी करण्याचीच एक अफाट मोठी आकडेमोड आहे. त्यांना घरी गेल्यावर एकच प्रश्न विचारावा अशी माझी विनंती आहे. तुम्ही काय कमी करीत आहात हे ते आपणहून सांगतील. तुमच्या अटी कोणी लिहिल्या, आणि लिहिताना कोणाला विचारले, हे तेवढे आपण विचारावे.